प्रस्तावनेत घेतलंय

मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं मुलांच्या वह्यांत 'पुनरुक्ती टाळा' असं लिहिण्यात घालवली. एकच गोष्ट दोनदा सांगणारा माणूस मला आजही सहन होत नाही. दूधवाला 'उद्या नाही येणार, उद्या खाडा' म्हणाला तरी माझ्या कपाळाला आठी पडते. माझी बायको रजनी म्हणते, तुम्ही निवृत्त झालात, तुमचं लाल पेन काही झालं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. ज्या गोष्टीची मला लाज वाटते तिचं मूळ माझ्या याच खोडीत आहे, म्हणून आधी सांगून टाकलं.

माझी पुतणी इरावती तळेगावातच एका छोट्या कंपनीत नोकरी करते. पॉलिहाऊसमधल्या फुलझाडांना पाण्यातून खत देणारं मशीन ही कंपनी बनवते. मशीनला एक स्क्रीन असतो. किती खत, किती पाणी, दिवसातून किती वेळा, हे आकडे त्यावर भरायचे, पुढचं सगळं आतलं सॉफ्टवेअर बघतं. त्याचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. आंबीच्या नाहीतर कामशेतच्या पॉलिहाऊसमध्ये ते कोण वाचणार? म्हणून मराठीत पुस्तक करायचं ठरलं आणि इरावतीनं काकाचं, म्हणजे माझं नाव सुचवलं. खरं सांगतो, मला आभाळ ठेंगणं झालं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीखेरीज मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

कच्चा मजकूर प्रज्ञेशनं दिला. ते सॉफ्टवेअर लिहिणारा हा मुलगा. कामात वाघ, पण त्याचं मराठी म्हणजे भाषेचा खून. त्यात त्यानं एक वाक्य तब्बल चौदा ठिकाणी डकवलं होतं. खताचं प्रमाण असो, पाण्याची वेळ असो, प्रत्येक आकड्याखाली तेच: 'हा बदल सेव्ह होईल पण आज चालू असलेल्या प्रोग्रॅमला लागणार नाही. मशीन सेटिंग फक्त सकाळी सहाला वाचते. आजचा बदल उद्या सहापासून लागेल.' चौदा वेळा! मी मोजून रजनीला दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. मग मी चौदाही ठिकाणी काट मारली आणि तिथं सुटसुटीत वाक्य ठेवलं, 'हा आकडा केव्हाही बदलता येतो.' सहा वाजताचं काय ते एकदाच प्रस्तावनेत सांगू, म्हटलं. चांगल्या पुस्तकात असंच असतं.

आता माझी प्रस्तावना. मशीनच्या पुस्तकाला प्रस्तावना लागतेच असं नाही, पण मी लिहिली. आठ दिवस लिहीत होतो. आजोळची विहीर आली, मोटेची कुरकुर आली, माती आणि माणूस यांचं नातं आलं. दोन पानं झाली आणि मला स्वतःलाच ती इतकी आवडली की मी ती रजनीला मोठ्यानं वाचून दाखवली. सहा वाजताचं वाक्य मात्र त्यात कुठं बसेना. मोटेच्या कुरकुरीनंतर एकदम 'मशीन सेटिंग सकाळी सहाला वाचते' हे घालायचं कसं? लय बिघडायची. मी ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं, योग्य जागा सापडली की घालू म्हणून.

छापायला जायच्या आदल्या दिवशी इरावतीचा फोन आला. तिनं एवढंच विचारलं की काका, ते सहा वाजताचं खालून काढलंत, मग कुठे घेतलंत?

"प्रस्तावनेत घेतलंय," मी म्हणालो.

घेतलं नव्हतं. घेणार होतो. दुसऱ्या दिवशी छापखान्याची घाई झाली, मी ऱ्हस्वदीर्घ तीनतीनदा तपासलं, आणि चिठ्ठी डायरीतच राहिली. प्रज्ञेशनं आकड्यांची पानं तपासली. प्रस्तावना कोण वाचतं? त्याच्या चौदा वाक्यांचं त्याला वाईट वाटलं असेल, पण सरांनी पुढे घेतलंय म्हटल्यावर तो गप्प बसला.

पुस्तकाचं प्रकाशन लोणावळ्याला एका हॉटेलात झालं. मशीन घेणाऱ्यांचा मेळावा होता, त्यातच उरकलं. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. जेवणाआधी वडिवळ्याकडचे एक शेतकरी उठले. थोडा भात कमी करून त्यांनी नुकतंच फुलांचं पॉलिहाऊस घातलं होतं. त्यांनी विचारलं, दुपारच्याला आकडा बदलला तर चालतोय का? प्रश्न प्रज्ञेशचा होता, पण प्रज्ञेश बाहेर कुणाला तरी मशीन दाखवत होता आणि माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, केव्हाही बदला, मालक तुम्ही आहात, मशीन नव्हे. टाळ्या पडल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दुपारी माझा बैल तरी भरलेला दिसत होता.

त्या मेळाव्याला आंबीचे महिपतीभाऊ आले होते. त्यांचं गुलाबाचं दोन एकरांचं पॉलिहाऊस आहे. त्यांच्या मशीनवर नवाज मुलाणी काम करायचा. नवाज माझा विद्यार्थी. सुदुंबऱ्याचा पोरगा, सायकल मारत तळेगावला शाळेत यायचा. आठवी ते दहावी तीन वर्षं माझ्या वर्गात होता. बोलायचा कमी, पण दिलेलं शेवटपर्यंत वाचायचा. महिपतीभाऊंकडे तो फुलं बांधायला लागला होता. मशीन आलं तेव्हा बाकीचे स्क्रीनला हात लावायला घाबरत होते, हा पुस्तक घेऊन बसला, म्हणून भाऊंनी मशीन त्याच्या ताब्यात दिलं. 'वाचून काम करतोय' अशी त्याची तिथं ख्याती होती, आणि तीच त्याची बढती होती. माझं पुस्तक हातात पडल्यावर त्यानं मला फोन केला होता. सर, तुमचं पुस्तक आलं, मी खाकी कव्हर घातलंय, म्हणाला. मी तो फोन आठवडाभर लोकांना सांगत होतो.

जानेवारीच्या शेवटी ती गोष्ट घडली. गुलाबवाल्यांना हे दिवस म्हणजे वार्षिक परीक्षा. फेब्रुवारीच्या मध्यासाठी जी फुलं काढायची ती याच दिवसांत कळीला असतात. एका गुरुवारी खताचे सल्लागार आले आणि पानं फिकट आहेत, खताचं प्रमाण दीडवरून दोनवर न्या, असं सांगून गेले. नवाजनं सकाळी दहाला दोन भरलं. स्क्रीनवर दोन दिसलं. तासाभरानं त्यानं पाण्यातलं खत मोजलं तर दीडच. त्यानं पुस्तक उघडलं. केव्हाही बदलता येतो. मग त्यानं अडीच केलं. पाणी दीडच. दुपारी तीनला साडेतीन केलं. अंघोळीचं पाणी गार लागलं की माणूस नळ अजून पिळतो, तसंच ते. पाईपमधलं जुनं पाणी संपलं की हळूहळू चढेल, असं त्याला वाटलं. संध्याकाळी तो घरी गेला.

शुक्रवारी सकाळी सहाला मशीननं आकडा वाचला, साडेतीन. नवाज आठला येऊन बघतो तर पाण्यात साडेतीन. त्यानं लगेच दोन केलं. स्क्रीनवर दोन, पाण्यात साडेतीन. मग दीड, मग एक. मशीन आपलं साडेतीनच देतंय. कंपनीला फोन लावला, लागला नाही. अकराला त्यानं सरळ मशीनचं बटण बंद केलं, पण तोवर सकाळच्या पाण्याच्या सगळ्या पाळ्या गेल्या होत्या. सोमवारपर्यंत अर्ध्या प्लॉटच्या पानांच्या कडा जळाल्या आणि कळ्यांनी माना टाकल्या. यातली प्रत्येक गोष्ट नवाजनं वेळ घालून रजिस्टरात लिहिली होती, म्हणून मला इतक्या तपशिलात माहीत आहे.

सोमवारी कंपनीतून प्रज्ञेश आंबीला निघाला. त्याच्या गाडीत मीही जाऊन बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. माझं पुस्तक वापरताना कुणीतरी घोळ घातलाय म्हणे, बघू तरी काय घातलाय, असा माझा थाट होता.

पॉलिहाऊसच्या दाराशी सात-आठ कामगार उभे होते, बायाही होत्या. महिपतीभाऊ तापलेले होते. नवाज मशीनपाशी होता, हातात खाकी कव्हरचं पुस्तक, आत बोट घातलेलं. प्रज्ञेशनं रजिस्टर पाहिलं आणि दोन मिनिटांत निदान केलं. मशीन बिघडलेलं नाही, ते सहालाच आकडे वाचतं, नंतर केलेला बदल त्या दिवशी लागतच नाही.

"मग पुस्तकात केव्हाबी बदला असं का लिवलंय?" भाऊंनी विचारलं.

प्रज्ञेश म्हणाला की सहा वाजताची सूचना प्रस्तावनेत आहे, सरांनी स्वतः घेतली आहे. सगळे माझ्याकडे वळले. नवाजही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी विचारायचं आहे आणि विचारू की नको, असं वर्गात मुलांचं होतं तसं त्याचं झालं होतं.

डायरीतली चिठ्ठी मला तिथं उभ्या उभ्या दिसली. मला खात्री नव्हती, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. पण खात्री नसलेला माणूस पुस्तक मागून बघतो. मी मागितलं नाही. सात-आठ माणसांसमोर आपलीच प्रस्तावना उघडायची आणि त्यात ते नाही असं निघायचं, याची मला इतकी भीती वाटली की मी तोंड उघडलं आणि उलटंच बोललो.

"काय नवाज, प्रस्तावना वाचलीस का? का धडा सोडून थेट प्रश्नोत्तरं?"

दोघं-तिघं हसले. नवाजनं आतलं बोट काढलं आणि पुस्तक मिटलं. माझंच चुकलं असंल सर, म्हणाला. एवढंच. चोराच्या उलट्या बोंबा मी आयुष्यभर वाक्प्रचार म्हणून शिकवल्या, त्या दिवशी मारून दाखवल्या.

भाऊंनी त्याच्याकडून तिथंच माफीनामा लिहून घेतला आणि त्याला कामावरून काढलं. वाचून काम करतो म्हणून मशीन दिलं होतं, आणि ह्यो वाचतच न्हाई, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मी गाडीत जाऊन बसलो.

घरी येऊन पुस्तक उघडलं. विहीर होती, मोट होती, माती आणि माणूस होता. सहा वाजताचं काही नव्हतं. चिठ्ठी डायरीत होती, नोव्हेंबरच्या पानांत. मी डायरी मिटली आणि रजनीला म्हणालो की आंबीला काही विशेष नव्हतं, पोरानं वाचलं नव्हतं.

नऊ दिवस मी काही केलं नाही. केलं नाही म्हणजे सबबी करत होतो. प्रज्ञेशनं तपासायला हवं होतं. इरावतीनं वाचायला हवं होतं. स्क्रीनवर आकडा दिसतो पण लागत नाही, असं मशीन बनवायचंच कशाला? यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि एकाही गोष्टीनं मला झोप लागत नव्हती. बाजारात शाळेतला जुना विद्यार्थी दिसला की मी रस्ता ओलांडायचो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

दहाव्या दिवशी इरावतीनं कळवलं की पुस्तकाची दुसरी छपाई आहे, काही दुरुस्त्या असतील तर पाठवा. मला सुटका दिसली. मी बसलो आणि प्रज्ञेशचं वाक्य चौदाही ठिकाणी परत घातलं. कुणाला काही बोलायची गरज नाही. नव्या पुस्तकात सगळं असेल, पुन्हा कुणाची बाग जळणार नाही, आणि जुनं पुस्तक कोण काढून बघतंय? मी प्रिंट काढली आणि शुद्धलेखन बघायला नेहमीप्रमाणे रजनीला दिली. सवयीचा परिणाम. नाहीतर तिच्या हातात ती द्यायची नव्हती.

रजनी जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होती. सहाव्या का सातव्या पानावर तिनं चष्मा काढला. हे तर प्रस्तावनेत होतं ना, म्हणाली. मी म्हटलं, आता इथं घेतलंय. तिनं कपाटातून जुनं पुस्तक आणलं आणि प्रस्तावना वाचली. दोन पानं, सावकाश. मी पंखा लावला, मग बंद केला.

"म्हणजे त्या मुलानं वाचलं होतं," रजनी म्हणाली.

मी हो म्हणालो. मग सगळंच सांगितलं, दारातल्या त्या वाक्यासकट. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. चूक कबूल केली नाही म्हणून ज्या मुलांना तुम्ही तासभर उभं केलंत, ती पोरं आठवतात का, एवढं तिनं विचारलं आणि भाजी चिरायला घेतली. मला त्या घरात कुठं बसावं ते कळेना.

मी इरावतीला फोन केला. ती म्हणाली, काका, मीही न वाचता पुढे पाठवलं, माझीही चूक आहे. ती रागावली असती तर बरं झालं असतं. कंपनीनं महिपतीभाऊंच्या नावानं पत्र तयार केलं. पुस्तकात सूचना नव्हती, चालकाचा दोष नाही. ते पत्र मी स्वतः घेऊन जातो म्हणालो. निदान तेवढं तरी.

आंबीला जळालेला प्लॉट छाटून टाकला होता, नुसत्या काड्या उभ्या होत्या. मशीनवर पवन म्हणून एक जण होता आणि तो आकड्यांना हात लावायला घाबरत होता. महिपतीभाऊंनी पत्र वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं.

"सर, त्या दिशी तुमी हितंच हुबं होता की," ते म्हणाले.

मी मान हलवली. त्यांनी त्यावर काही टोचून बोलायचं टाळलं. वयाचा मान ठेवला असेल. नवाजला उद्यापासून यायला सांगा, मशीन त्याचंच हाय, म्हणाले, आणि कपाटातून त्याचा माफीनामा काढून माझ्या हातात दिला. हे माझ्यापाशी ठेवून काय करू, त्याचं त्याला द्या.

सुदुंबऱ्याला जाताना रिक्षात मी तो कागद वाचला. वहीचं फाडलेलं पान, समास सोडलेला. 'मशीन सकाळी सहा वाजता आकडे वाचते. त्यानंतर आकडा बदलला तर तो स्क्रीनवर लगेच दिसतो, पण पाण्यात दुसऱ्या दिवशी सहानंतरच येतो. घाईचे असेल तर मशीन बंद करावे व कंपनीला विचारावे. हे पुस्तकात असूनही मी वाचले नाही. माझी चूक झाली.'

पहिली तीन वाक्यं मी पुन्हा वाचली. प्रज्ञेशच्या चौदा वाक्यांत 'स्क्रीनवर लगेच दिसतो' हे कुठंच नव्हतं. माझ्या डोक्यात तर ते आलंही नव्हतं. माणूस फसतो तो तिथंच फसतो, आणि ते ज्याचं नुकसान झालं त्यानं, मालक डोक्यावर उभा असताना, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं होतं. मी रिक्षातूनच इरावतीला फोन लावला आणि दुसऱ्या छपाईत चौदाही ठिकाणी ही तीन वाक्यं जशीच्या तशी घालायला सांगितली. लिहिणाऱ्याचं नाव नवाज मुलाणी. त्याला विचारून, हे इरावतीनं पुढं जोडलं, आणि तेही मला सुचलं नव्हतं.

हे सगळं खिशात घेऊन मी नवाजच्या घरी पोचलो. खोटं कशाला बोलू, तोवर मला थोडं हलकं वाटायला लागलं होतं. नोकरी परत, पुस्तकात नाव, माफीनामा परत. बक्षीस समारंभाला निघालेल्या पाहुण्यासारखा मी चाललो होतो.

नवाज घरी नव्हता. एका कारखान्यात माल चढवायच्या कामावर जात होता, सहाला सुटायचा. त्याच्या आईनं, हसिनाबाईंनी, मला खुर्ची दिली, वर धुतलेली चादर टाकली. त्याची बायको जीनत आत होती, ती पाणी ठेवून माझ्याकडे न बघता गेली. हसिनाबाईंनी चहा टाकला आणि दाराशी बसून बोलायला लागल्या. पोरानं तुमचं नाव घालवलं सर, माफ करा, म्हणाल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांचं पुढं चालू झालं. नवाज पहिले दोन दिवस घरात सांगत होता, अम्मी, पुस्तकात ते नव्हतं. त्यांनी त्याला गप्प केलं. सर खोटं बोलतील व्हय? ज्यांनी तुला अक्षर शिकवलं ते खोटं आणि तू खरा? तिसऱ्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला. येतो, जेवतो, झोपतो. गल्लीतसुद्धा आता लोक विचारतात, वाचणारं पोरगं ना तुमचं?

मला तिथं सांगता आलं असतं. बाई समोर बसली होती, चहा उकळत होता, जवळ तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, नवाज येऊ दे, मग बोलू. शेण एकदा खाल्लं की दुसऱ्यांदा वास येत नाही असं थोडंच आहे? तरी खाल्लं.

साडेसहाला नवाज आला. खांद्याला धूळ होती. मला बघून थबकला, सर कधी आलात म्हणाला, हातपाय धुवून समोर बसला. मी त्याला कंपनीचं पत्र दिलं, माफीनामा दिला, भाऊंचा निरोप सांगितला, पुस्तकाचं सांगितलं. हसिनाबाई आत भाकरी टाकत होत्या. नवाजनं पत्र शेवटपर्यंत वाचलं, खालच्या सहीपर्यंत.

"मला म्हाईत होतं, सर," तो म्हणाला. "त्या शुक्रवारीच तुमची प्रस्तावना चारदा वाचली होती."

मग तिथंच का बोलला नाहीस, असं मी विचारलं. म्हणजे हेही त्यालाच विचारलं.

"मला वाटलं, तुमी बोलाल."

तो हे रागानं बोलला असता तर मी काहीतरी उत्तर जुळवलं असतं. तो नुसतं सांगत होता. दारात माझ्याकडे बघत होता ते त्यासाठी. त्याला काही विचारायचं नव्हतं, तो वाट बघत होता. मी हशा मिळवला आणि त्यानं पुस्तक मिटलं.

मी म्हणालो की उद्या आंबीला येतो, सगळ्या कामगारांसमोर सांगतो, पाहिजे तर पाया पडतो. त्यानं मान हलवली. ते उद्याचं उद्या बघू सर, म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, आदी अम्मीला सांगा.

साठ-साठ मुलांच्या वर्गात मी एकतीस वर्षं बोललो. माईकवर बोललो. त्या दोन खोल्यांच्या घरात, चुलीपाशी बसलेल्या एका बाईला हाक मारण्याऐवजी मी खुर्चीवरची चादर सरळ करत बसलो. नवाजनं मदत केली नाही. तो भिंतीला टेकून बसला होता. शेवटी मीच उठून आतल्या दाराशी गेलो.

"हसिनाबाई," मी म्हणालो, "नवाज खरं बोलत होता. पुस्तकात ते नव्हतं. माझं लिहायचं राहिलं, आणि त्या दिवशी मला ते माहीत असताना मी त्याच्यावर ढकललं. खोटं मी बोललो."

त्यांचा हात परातीत थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं बसलेल्या नवाजकडे. जीनत कोपऱ्यात उभी होती, ती रडायला लागली. तव्यावरची भाकरी करपत होती, ती कुणी उलटली नाही.

"पंधरा दिस झालं," हसिनाबाई माझ्याशीच बोलल्या, पण नजर पोरावर होती. "तुमचं ऐकलं मी, सर. माझ्या लेकराचं न्हाई ऐकलं."

मग त्यांनी करपलेली भाकरी बाजूला काढली, हात धुतले आणि नवाजचं ताट वाढायला घेतलं.